डोळ्याखालचा तो एकच काळा डाग

महिला दिन जवळ आला, की नवऱ्याच्या मारहाणीवरच्या छोट्या फिल्म्स तयार होऊ लागतात. कधी संस्थेने केलेल्या, कधी कॉलेजच्या मुलामुलींनी. पैसा थोडा, तळमळ खरी. पण बहुतेकींत बाई तीच: डोळ्याखाली काजळाने फासलेला काळा गोल, ओठाच्या कडेला लालभडक ओघळ. मैत्रिणींनो, हा रंगवलेला डाग खऱ्या बाईच्या विरोधात साक्ष देतो.

सल्ला केंद्रात येणाऱ्या बाया काय दाखवतात? साडी-ब्लाऊजखाली झाकली जाईल अशी पाठ, मांडी, दंड. डोके आपटले तर टेंगूळ केसांत लपते. वार अडवायला हात आडवा घातलेला असतो, म्हणून कोपरापासून मनगटापर्यंत हात सुजतो. गळा दाबला तर पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखते. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: मुका मार.

चौकीवरचा हवालदार, दवाखान्यातला डॉक्टर, समेट घडवायला आलेला दीर, सगळे पडद्यावरचा तो काळा गोल पाहतच मोठे झालेले. चेहरा स्वच्छ दिसला, की "फार काही लागलेलं नाही" म्हणून बाईची बोळवण होते. हीच समजूत आपणही पक्की करायची का?

"बजेट नाही" ही सबब चालणार नाही. साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको यांतून रक्त होते. वाळलेले रक्त तपकिरी असते, म्हणून कोको. मार आधी लालसर, मग निळा-जांभळा, पुढे हिरवट, पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत मावळतो. हे रंग स्पंजने पातळ थरांत, कडा पुसट ठेवून लावायचे. काठीचा वळ म्हणजे दोन समांतर लाल रेघा, मधली कातडी फिकी. सावळ्या अंगावर लाली उमटून दिसत नाही. तिथे गडद जांभळी छटा आणि सूज हवी. गोऱ्या कातडीसाठीचे रंग आपल्या बायांवर थापू नका. आणि एकाच पाठीवर पिवळा डाग नि ताजा वळ शेजारी दाखवा. हे आज घडलेले नाही, रोज घडते आहे, हे एका संवादाविना कळते.

"प्रेक्षकाला पटकन कळायला हवं," असे दिग्दर्शक म्हणतात. पटकन कळते ते त्याला आधीच ठाऊक असलेले. जे ठाऊक नाही ते दाखवण्यासाठीच ना आपण कॅमेरा हाती घेतला?

कायदा आपल्या फिल्म्सच्या पुढे गेला आहे. १९८३ साली आलेल्या कलम ४९८-अ मध्ये मानसिक छळही क्रूरताच होती. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसाच म्हटले. यातल्या कितीतरी हिंसेला मेकअप लागतच नाही.

यापुढे आपल्या गटाकडे कुणी अशी फिल्म घेऊन आले, तर आधी विचारा: ही जखम कशाने झाली, किती दिवसांची आहे, अंगावर नेमकी कुठे? उत्तर नसेल तर काजळाची डबी बंद करायला सांगा, आणि बाईला बोलू द्या.