टेप नव्हे, टॅप

‘सर, फोन टेप होतो म्हणजे नक्की काय होते?’ परवा एका कॅडेटने विचारले. आपल्यापैकी बरेच जण ‘टेप’च म्हणतात. पण बोलणे ध्वनिफितीवर उतरवून घेणे म्हणजे टेप करणे, आणि चालू लाइनला गुपचूप जोड देऊन ते ऐकणे म्हणजे टॅप करणे.

टॅप म्हणजे मुळात पिंपाची तोटी. पुढे झाडाला छेद देऊन रस काढण्यालाही इंग्रजीत हाच शब्द रूढ झाला. थंडीत बराकपूरच्या आसपासच्या गावांत खजुराच्या झाडाला खाच पाडून मडके बांधलेले दिसते. कोकणात माडाची माडी अशीच काढतात. झाड उभेच असते, रस मात्र मडक्यात जातो. तारायंत्र आल्यावर तारेतून संदेश चोरण्यालाही टॅपिंगच म्हणू लागले. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) दोन्ही बाजूंनी ते केले. टेलिफोन त्यानंतरचा.

सैनिकाला याचे महत्त्व कारगिलने शिकवले. मे १९९९ मध्ये जनरल मुशर्रफ बीजिंगमध्ये होते. रावळपिंडीतील लेफ्टनंट जनरल अझीझ यांच्याशी ते फोनवर बोलले आणि ते बोलणे भारताच्या हाती लागले. ११ जूनला भारताने ते जाहीर केले. घुसखोरीमागे पाकिस्तानी सैन्य आहे, हे जगाला त्यांच्याच तोंडून कळले. एवढा मोठा सेनापती साध्या फोनवर मोकळेपणाने बोलला, ही त्याची चूक.

शत्रूचे ऐकणे हे कर्तव्य आहे, पण स्वतःच्या नागरिकांचे मन मानेल तसे ऐकणे हा गुन्हा आहे. १८८५ च्या तार कायद्यानेही त्यासाठी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही अट घातली होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोनवरील बोलणे हा खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. आदेश गृहसचिवांचा हवा, तो दोन महिन्यांपुरता, वाढवला तरी एकूण सहा महिन्यांपर्यंतच, असे बंधन घातले. लेखी हुकुमाशिवाय शस्त्रागार उघडत नाही, तसेच हे आहे.

म्हणून माझे सांगणे दोन बाजूंनी आहे. कॅडेटहो, मित्राचा फोन चोरून ऐकू नका आणि त्याचे मेसेज वाचू नका. उद्या अधिकार हाती येईल तेव्हा हीच सवय कामी येईल. आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी सैन्यात गेल्यावर फोनवर ‘कुठे आहेस, कधी निघणार?’ असे विचारू नका. ‘जेवलास का?’ एवढे पुरे. आईचा आवाज ऐकला की त्याला बाकीचे कळते.