बघायचे कसले पैसे?

आपल्याकडे गाडीचा पार्ट बदलायला लोक वीस हजार देतात. पण नक्की कुठला पार्ट बदलायचा हे शोधून काढण्याचे दोनशे रुपये मागा, लगेच भुवया वर. "अहो, नुसतं बघितलं तर आहे!" गेले दोन वीकेंड हेच डोक्यात घोळतंय, तेव्हा आज लिहूनच टाकतो. विषय पिकअपचा आहे, ऑइल-ग्रीसचं वावडं असणाऱ्यांनी थोडं सोसून घ्यावं.

तर मंडळी, आमच्या मामांची एक पिकअप आहे. मागे हौदा, खाली पाटे, दीड टन माल. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायचे, आळेफाट्यावरून माळशेज उतरायचा आणि पहाटे वाशी गाठायची, हा तिचा दिनक्रम. यंदा ऐन हंगामात ती वाजायला लागली. गियर टाकून क्लच सोडला की ठक्. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ठक्. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे गाडी पूर्ण थांबल्यावर, अर्ध्या सेकंदाने, मागून कुणी हलकेच ढुशी दिल्यासारखं आणखी एक ठक्.

मामांनी ती एका मोठ्या, एसी वेटिंग रूमवाल्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या साहेबांनी एक चक्कर मारली आणि एस्टिमेट छापून हातात दिलं. डिफरन्शियल ओव्हरहॉल, क्राऊन-पिनियन सेट, बेअरिंगं, सीलं, लेबर. ४१ हजार. गाडी पाच दिवस आत. मामांचा मला फोन: "भाचेबुवा, दात गेलेत म्हणत्यात. तुम्ही इंजिनेर ना, सांगा काय करू?"

(मी कॉम्प्युटरचा इंजिनियर आहे हे मामांना आठ वर्षं सांगतोय. असो.)

आता या आवाजाचं गणित बघा, अवघड नाही. इंजिनाची ताकद गियरबॉक्समधून निघते, गाडीखालच्या लांब प्रोपेलर शाफ्टमधून मागे जाते, मागच्या धुऱ्याच्या मधल्या गोल डब्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, काटकोनात वळते आणि चाकांना मिळते. या रस्त्यात जिथे जिथे दोन भाग एकमेकांत अडकतात तिथे थोडी मोकळी जागा असतेच, नव्हे ठेवावीच लागते. गियरचे दात एकमेकांना घट्ट चिकटले तर तेलाला जागा उरणार नाही आणि ते जळतील. पाय ॲक्सिलरेटरवर असताना दात एका बाजूने टेकलेले असतात, पाय काढला की दुसऱ्या बाजूला जाऊन टेकतात. त्या टेकण्याचा आवाज म्हणजे ठक्. थोडासा असणं नॉर्मल. पण सगळ्या सांध्यांमधला खेळ एकात एक मिळत जातो आणि कानाला एकच आवाज येतो. तो कुठल्या सांध्याचा, हे कान सांगत नाही. पत्र्याच्या गाडीत तर आवाज शाफ्टभर फिरतो आणि हौद्यात घुमतो.

म्हणजे एक चक्कर मारून "डिफरन्शियल गेलं" म्हणणं हे निदान नव्हे, तो अंदाज. आणि अंदाजसुद्धा यादीतल्या सगळ्यात महाग वस्तूवर!

बरं, संशयित किती? शाफ्टच्या जोडावरचे क्रॉस. लांब शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं सेंटर बेअरिंग आणि त्याचं रबर. शाफ्टचा मागेपुढे सरकणारा दातेरी भाग. इंजिन आणि गियरबॉक्सची फाउंडेशनं. धुरा पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट. आणि मग डिफरन्शियल. यातला कोण दोषी हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. सपाट जागा, चाकांना उटी, गियर न्यूट्रल, इंजिन बंद, आणि गाडीखाली जायची तयारी. क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांत धरून उलटसुलट पिळायच्या. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला खेळ लागत नाही, लागला तर क्रॉस गेला. त्याच्या टोप्यांभोवती गंजासारखी लाल पूड दिसली तर आतलं ग्रीस कधीच संपलंय आणि सुया कोरड्या घासतायत. डिफरन्शियलवर संशय असेल तर तेलाचा प्लग खोलून तेलात लोखंडाचा कीस आहे का ते बघायचं, आणि दातांमधला खेळ डायल गेजने मोजायचा. तो मिलिमीटरच्या दशांशांत असतो, गाडीभोवती चक्कर मारून दिसत नाही.

मामांच्या गाडीच्या त्या प्लगवरचा चिखल वर्कशॉपमधून परत आल्यावरही जसाच्या तसा होता. वाळलेला, भेगा पडलेला. ४१ हजारांचं एस्टिमेट, आणि प्लगला पानाही लागला नव्हता.

शेवटी गाडी गावातल्याच एका मेस्त्रींकडे नेली. मी शनिवारी मुद्दाम पुण्याहून गेलो. मेस्त्री खाली शिरण्याआधी दहा मिनिटं नुसते गाडी चालवत होते. पुढे, मागे, थांब, परत पुढे. आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिप्रोड्यूस करत होते. "थांबल्यावर वाजतंय ना, ते डिफरन्शियल नसतंय," एवढंच म्हणाले. कारण साधं आहे. ब्रेक मारला की पाटे पिळतात, मागचा धुरा किंचित फिरतो आणि शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी लागते. त्यासाठीच तो सरकणारा दातेरी भाग असतो. तो कोरडा पडला की सरकत नाही, अडकून राहतो, आणि गाडी थांबून पाटे सैल पडले की एकदम सुटतो. ठक्. अमेरिकेत पिकअपवाले याच आवाजाने वर्षानुवर्षं वैतागलेले आहेत, आणि तिथेही पहिला इलाज तोच: शाफ्ट काढा, दाते पुसा, ग्रीस भरा.

बाकीचे दोन ठक् मागच्या क्रॉसचे निघाले. लाल पूड होतीच. मेस्त्रींनी शाफ्ट खोलण्याआधी जोडांवर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या. ही खूण फार महत्त्वाची. क्रॉसचा जोड कोनात फिरताना एकसारख्या वेगाने फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात किंचित पुढेमागे होतो. दोन टोकांचे जोड एका रेषेत असले तर एकाची चूक दुसरा खोडतो. बसवताना एखादा दाता चुकला की ठक् जातो आणि त्याच्या जागी थरथर येते. मग नवा क्रॉस, चारही टोप्यांतून बाहेर येईपर्यंत ग्रीस, दात्यांना ग्रीस, आणि डिफरन्शियलचं तेल उघडून पाहिलं तर स्वच्छ. संध्याकाळी गाडी मुकी. सामान आणि मजुरी मिळून बिल १४०० रुपये.

आता लगेच "बघा, वर्कशॉपवाले चोर, आपले गावचे मेस्त्री बेस्ट" असा जयघोष करू नका. मला ते म्हणायचं नाहीये. क्रॉस हातोड्याने ठोकून बसवणारे, आतल्या सुया आडव्या पाडणारे, आणि "हे बदलून बघू, नाही गेला तर ते बदलू" म्हणणारे मेस्त्री मी पुष्कळ पाहिलेत. आणि वर्कशॉपवाल्या साहेबांचीही बाजू आहे. नुसता क्रॉस बदलला आणि आवाज राहिला, तर गिऱ्हाईक काउंटरवर येऊन तमाशा करणार. अख्खी असेंब्ली बदलली, आजूबाजूचं सगळं खोललं-जोडलं, की आवाज बहुतेक जातोच. त्यांच्यासाठी ४१ हजार हा विमा आहे, हप्ता फक्त मामांनी भरायचा.

माझं भांडण आहे ते आपल्याशी, म्हणजे गिऱ्हाइकांशी. पार्ट विकला तर पैसे, शोधलं तर शून्य, हा हिशोब आपणच चालू ठेवलाय. मग समोरचा माणूस शोधेल कशाला? तो विकेल. त्या मेस्त्रींच्या १४०० मध्ये चालवून बघण्याचे, खाली झोपून तपासण्याचे किती होते? शून्य. मी पाचशेची नोट पुढे केली तर मेस्त्रीच हसून म्हणाले, "बघायचे कसले पैसे?" त्यांच्याही डोक्यात हेच बसलंय! ज्या दीड तासाने मामांचे जवळजवळ चाळीस हजार वाचले, तो दीड तास फुकट आणि क्रॉस बसवायचा अर्धा तास तेवढा मजुरीचा. नोट मी त्यांच्या टूलबॉक्सवर ठेवून आलो, ते वेगळं.

आणि हे आपण आयटीवाल्यांनी करावं? आपल्या ऑफिसात "ॲनालिसिस" नावाची ओळ असते, ती तासांवर, डॉलरमध्ये बिल होते. तीन आठवडे लॉग वाचून शेवटी कोडची एक ओळ बदलली, तर क्लायंटला आपण एका ओळीचे पैसे लावतो का? तेच आपण शनिवारी गॅरेजमध्ये उभे राहून "नुसतं बघायचे तीनशे?" म्हणून घासाघीस करतो. कमाल आहे आपली :-)

मामांच्या बाबतीत प्रश्न नुसत्या पैशांचाही नव्हता. समजा डिफरन्शियल उघडलं असतं आणि तो लाल पुडीचा क्रॉस तसाच राहिला असता. माळशेजच्या उतारावर, दीड टन माल घेऊन, क्रॉस तुटला की शाफ्ट सुटतो, इंजिनाचा ब्रेक क्षणात नाहीसा होतो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ४१ हजार भरून.

म्हणून एस्टिमेट हातात आलं की एकच विचारा: खेळ कुठे सापडला, मला हात लावून दाखवा. सोबत हेही सांगा की तपासणीचे वेगळे पैसे देतो, काम तुमच्याकडे केलं नाही तरी देतो. ही दोन वाक्यं जोडीनेच बोलायची. नुसतं पहिलं म्हणाल तर समोरच्याला वाटेल तुम्ही भांडायला आलात. आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या.

"आमची तर हॅचबॅक आहे, तिला कुठला शाफ्ट" म्हणणाऱ्यांसाठी: पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीलाही दोन शाफ्ट असतात, चाकांकडे जाणारे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक आली तर बाहेरचा जोड झिजलाय. पण टकटक यायच्या आधी बहुतेक वेळा त्यावरचं रबरी बूट फाटलेलं असतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतं. त्या वेळी नुसतं बूट आणि ग्रीस बदलून भागू शकतं. उद्या रविवार आहे, टॉर्च घेऊन एकदा वाकून बघा.