तरुणांचे भय

‘आजची पिढी बिघडली’ ही ओरड लोहाऱ्याच्या पारावरही ऐकू येते. मला तीत तक्रारीपेक्षा भीतीच अधिक दिसते, आणि ती जुनी आहे. 1938 साली निजामी राजवटीने ‘वंदे मातरम्’ म्हणणारे विद्यार्थी महाविद्यालयांतून काढले. (नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आसरा दिला!) 1989 साली मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले, पण त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे 1994 च्या कायद्याने राज्यभर या निवडणुकाच थांबल्या. वर्गप्रतिनिधी गुणपत्रिका ठरवू लागली. गुन्हा काहींचा, शिक्षा सर्वांना! आमदार आम्ही निवडायचा, वर्गप्रतिनिधी मात्र नाही. 2016 च्या कायद्याने वाट पुन्हा मोकळी केली. मग आवारात मतपेटी यायला आता हरकत कोणाची?