जमिनीचे प्रक्षेप

काव्यवाचनाचे ध्वनिमुद्रण ऐकताना स्पीकरच्या स्टँडखालची लाकडी जमीनही घुमू लागली, तर कवीच्या खर्जात तिचा प्रक्षेप मिसळतो. स्टँडच्या टोकदार खिळ्यांनी तो टळतो, हा रूढ समज आम्हांला मान्य नाही. खिळे स्टँड स्थिर ठेवतात; कंपने मात्र खाली पोचवतातच. ती अडवायला स्पीकरच्या वजनाला साजेसा लवचीक आधार हवा. त्याची स्वाभाविक वारंवारता १० हर्ट्झ असल्यास सुमारे १४ हर्ट्झच्या वर कंपने अडू लागतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर तर १०० हर्ट्झच्या आसपास असतो. काँक्रीटच्या जमिनीवर हा खटाटोप बहुधा अनावश्यक. छापील संहितेतले प्रक्षेप काटेकोरपणे वगळणाऱ्या अध्यापकांनी श्राव्य संहितेबाबत उदासीन राहावे, हे आम्हांला पटत नाही.