दुपारची वीज स्वस्त, पण दुपारी घरी असतं कोण?




दुपारच्या विजेला सवलत मिळणार, असा कागद आमच्या सोसायटीच्या फलकावर लागला, त्या संध्याकाळी मी मजल्यावरच्या घरांत एकच प्रश्न विचारून आले: सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच घरात कोण असतं? समोरचे दोघं महापेला नोकरीला, साडेआठला दाराला कुलूप. त्यांच्या शेजारचे काका एपीएमसी बाजारात माथाडी. पहाटे जातात, दुपारी येऊन पंख्याखाली पडतात. काकू वाशीला दोन घरचा स्वयंपाक उरकून चारला परततात. तिसऱ्या घरात निवृत्त जोडपं. आणि आमच्याकडे घरूनच ऑफिसचं काम करणारा मुलगा, त्याच्या खोलीत दिवसभर एसी.

राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार १ जुलै २०२५ पासून वेळेनुसार वापर मोजणारे स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना नऊ ते पाच या आठ तासांतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली. हेतू चांगला आहे. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, संध्याकाळी सूर्य मावळला की मागणी चढते. लोकांनी वापर दुपारकडे सरकवला तर सगळ्यांचंच भलं. पण हिशेब मांडून बघा. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे आमच्या घरी आठ तासांचे सहा रुपये चाळीस पैसे वाचणार. समोरच्या बंद घरात फक्त फ्रिज चालू. त्याला दिवसाला एक युनिट धरलं, तर सवलतीच्या वेळेत त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे पंचवीस-तीस पैसे. जो जास्त वीज वापरतो त्याला बक्षीस, आणि जो दिवसभर राबायला बाहेर जातो त्याच्या हाती चिल्लर. हे कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. घरात कोण कधी असतं, हे आधी कुणी पाहिलंच नाही, असं म्हणते.

"मग वॉशिंग मशीन दुपारी लावा," असं सांगतात. आमच्या इमारतीत नळाला पाणी सकाळी येतं, टाकी तेव्हाच भरते, म्हणून शेजारच्या काकूंचं मशीन सहाला सुरू होतं आणि कपडे वाळत घालून त्या कामावर जातात. दुपारी मशीन लावलं तर ओले कपडे काढणार कोण? शिवाय धुण्याच्या एका फेरीला अर्धं युनिटही लागत नाही. चाळीस पैशांसाठी एका बाईने अख्खा दिवस उलटा करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २८९ मिनिटं आली, पुरुषांची ८८. त्या मिनिटांतली किती मशीनच्या, मिक्सरच्या, इस्त्रीच्या वेळेला बांधलेली आहेत, हे मात्र त्यातून कळत नाही. बिल घरधन्याच्या नावावर, वापर दाखवणारं ॲप त्याच्या मोबाईलमध्ये, आणि बटण दाबणारा हात तिसराच.

माझं मागणं एवढंच, की मीटरवर खर्च होतो तसा थोडा पैसा माणसं समजून घेण्यावरही व्हावा. केंद्राच्या २०२१ च्या योजनेखाली महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटरचं काम हाती घेतलं. हे मीटर आधी प्रीपेड असणार होते; त्याला राज्यभर विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. पैसे संपले की रात्री पोराच्या अंगावरचा पंखा बंद पडेल, ही भीती चार चाळींत जाऊन विचारलं असतं तर महिन्याभरात कळली असती.

असं काम आपल्याकडे होऊ शकतं. पुण्याच्या 'प्रयास' ऊर्जा गटाने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या शंभरावर घरांत यंत्रं जोडून कुठलं उपकरण किती चालतं याच्या नोंदी घेतल्या. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, खाडी ओलांडली की नवी मुंबई. इथे गावठाणातली घरं, माथाडींच्या वसाहती, सिडकोच्या एका खोलीच्या घरांच्या इमारती आणि पाम बीचचे टॉवर काही किलोमीटरांत सापडतात. सगळ्यांत जाऊन वर्षभर, तिन्ही ऋतूंत, बायकांशी बोलून पाहणी करा. निष्कर्ष मराठीत छापा.

आणखी एक गोष्ट. स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाची नोंद ठेवतो. घर कधी रिकामं, माणसं कधी झोपली, हे त्यावरून ताडता येतं. नेदरलँड्समध्ये २००९ साली वरिष्ठ सभागृहाने नेमक्या याच काळजीपोटी सक्तीचे स्मार्ट मीटर नाकारले होते. ही नोंद कोण पाहतो, किती वर्षं ठेवतो, हा प्रश्न आपल्याकडेही आताच विचारायला हवा.

वाचकांना विनंती, की एक आठवडा घरातल्या मोठ्या उपकरणांच्या वेळा वहीत लिहा. आयोगाने वीजदरावर पुन्हा सूचना-हरकती मागवल्या की त्या नोंदींसकट लेखी हरकत पाठवा. आमच्या मजल्यावर वही सोमवारपासून सुरू झाली आहे.

एक वीजग्राहक,
कोपरखैरणे, नवी मुंबई