सोडतीतली सीट कोणी 'बुक' करून देत नसतं



मागच्या रविवारी मिस्सा आटोपून बाहेर आले तर माझी एक जुनी विद्यार्थिनी चर्चच्या पायरीशी थांबलेली. "टीचर, पोराच्या ऑस्ट्रेलियाचं काय झालंच नाही की ओ." हसतच म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. माझ्याही पोटात कालवलं, कारण या प्रकरणात थोडी मीही आहे.

मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, गोव्यात एका हॉटेलात नोकरीला. गेल्या वर्षी इथल्या एका एजंटाने सांगितलं, ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा निघालाय, सीट मोजक्या आहेत, 80 हजार भरा, सीट बुक करतो. ती मला विचारायला आली. मी चौकशी न करताच म्हणाले, पोरगं गुणी आहे, भरून टाक. वर चारित्र्याचा दाखलाही माझ्या अक्षरात लिहून दिला. तिने बांगड्या गहाण टाकल्या. आता एजंट म्हणतो, यंदा नंबर लागला नाही, आणखी 20 हजार द्या, पुढच्या वेळी बघू. पण गेल्या महिन्यात पोराला 31 वर्षं पूर्ण झाली.

त्या रात्री झोप आली नाही. पुतण्याला जवळ बसवून दोन संध्याकाळी ऑस्ट्रेलिया सरकारची माहिती शब्द न् शब्द वाचून काढली. हे काम मी वर्षापूर्वी करायला हवं होतं. चाळीस वर्षं मुलांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' सांगत आले आणि स्वतः प्रश्न वाचलाच नाही.

हा व्हिसा भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारातून आला. करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला. वर्षाला 1000 भारतीयांना हा व्हिसा मिळू शकतो. वय 18 ते 30. मागणारे फार आणि जागा हजार, म्हणून सरकार सोडत काढतं. पहिल्या सोडतीची नोंदणी 2024 च्या ऑक्टोबरात झाली. नोंदणीला पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं, फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे आपले दीड हजाराच्या आसपास. एका सोडतीत एकाची एकच नोंदणी. नावं संगणक काढतो. एजंट असो, वकील असो की कोणाचा मामा मंत्री असो, त्यात कोणाचा हात पोचत नाही. मग 80 हजारांत त्या माणसाने बुक केलं तरी काय?

याहून वाईट पुढेच आहे. नोंदणी कुठल्या ई-मेलवरून केलीस, असं मी मुलाला फोन करून विचारलं. म्हणाला, एजंटच्याच. नोंदणीचा क्रमांक? माहीत नाही. म्हणजे नाव सोडतीत पडलं होतं की नव्हतं, हेसुद्धा आज कोणी सांगू शकत नाही. नाव निघालं तर 28 दिवसांत खरा अर्ज करावा लागतो. ते पत्र परक्याच्या ई-मेलवर येऊन पडलं तर घरच्यांना कळायचं कसं? आयाबायांनो, मुलाचा ई-मेल आणि पासवर्ड मुलाच्याच हातात ठेवा.

नाव निघालं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं. इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं. परीक्षा द्यायची तर आयईएलटीएसमध्ये सरासरी 4.5 गुण पुरतात, त्यामुळे मराठी शाळेतल्या मुलांनी घाबरू नये. साधारण 5000 डॉलर खात्यात दाखवावे लागतात, विमानाचं भाडं वेगळं. लेकरांना सोबत नेता येत नाही.

आणि ही कायमची नोकरी नव्हे. राहायला मिळतं एक वर्ष, नोकरी तिथे जाऊन स्वतः शोधायची, आणि एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. ठरावीक भागात शेतावर किंवा तसल्याच ठरलेल्या कामावर तीन महिने काढले तर दुसरं वर्ष मागता येतं. फळं तोडणाऱ्यांना पूर्वी नुसतं बादलीवर पैसे देत. 28 एप्रिल 2022 पासून उक्त्या कामातही तासाची किमान मजुरी सुटत नाही. ती मजुरी 1 जुलै 2025 ला तासाला 24.95 डॉलर झाली. कमी देणारा मालक भेटला तर तिथल्या फेअर वर्क ओम्बुड्समनकडे दाद मागता येते. मुलांनी हे पाठ करून जावं.

इंग्लंडचीही अशीच योजना आहे, पदवीधरांसाठी, दोन वर्षांची. तिच्या सोडतीत नाव घालायला तर फीच नाही.

मी मुलांना जाऊ नका म्हणत नाही. आपल्या लोकांचं पोट परदेशावर आणि जहाजावर किती पिढ्या चाललंय! माझे वडील मुंबईत धोबी तलावच्या कुडात राहून बोटीची वाट बघायचे. तिथे आधी जाऊन आलेला माणूस नव्याला सगळं फुकट सांगायचा, कुठला कप्तान बरा, कुठला कागद लागतो. आता पोराच्या हातात फोन आहे, त्यात सगळं लिहिलेलं आहे, आणि सांगायला मात्र पैसे घेणारा माणूस लागतो. फादरांना मी विचारलंय. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पॅरिश हॉलमध्ये मी आणि पुतण्या बसणार आहोत. कोणत्याही जातीधर्माचा मुलगा असो, कागद घेऊन यावं. चहा मिळेल, फी नाही.

माणूस नोकरीच लावून देतो म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. 1983 च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची सरकारकडे नोंदणी लागते, आणि सेवाशुल्काची मर्यादा 30 हजार अधिक जीएसटी आहे. नोंदणी क्रमांक विचारा. तो ई-मायग्रेटवर ताडून पाहता येतो.

त्या बाईकडे 80 हजारांची पावती आहे. तीवर फक्त 'सल्ला शुल्क' लिहिलंय, सोडतीचा 'स' नाही. सोमवारी सकाळी अकराला आम्ही दोघी ती घेऊन पोलीस ठाण्यात जातोय. मी दिलेल्या दाखल्याची प्रतही बरोबर घेतेय, कारण तो कुठे वापरला हे मलाही विचारायचंय. अशी पावती आणखी कोणाच्या घरी असेल तर फाडू नका. सोमवारी आमच्याबरोबर या.

– एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव