भ्यालेल्यांचे शुभवर्तमान

रविवारी भल्या पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन तीन बायका येशूच्या कबरेपाशी पोहोचल्या. तोंडाशी लावलेली धोंड बाजूला सरकलेली होती आणि आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण बसला होता. येशू उठला आहे, जा, शिष्यांना कळवा, असे त्याने सांगितले. निरोप पोहोचवायचा सोडून बायका कापत पळाल्या. भीतीने त्यांची वाचाच बसली.

कोडेक्स सिनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान नेमके इथे थांबते. पुढची बारा वचने नंतर जोडली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चार शुभवर्तमानांत मार्कचे सर्वांत जुने समजले जाते. म्हणजे ज्या घटनेवर ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे, तिच्या सर्वांत जुन्या कथेत शेवटी उरतात त्या भेदरलेल्या बायका. लिहिणाऱ्याने त्यांची भीती झाकली नाही आणि त्यासाठी त्यांना दोषही दिला नाही.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘भय’ हा विषय ठरला तेव्हा एक शंका निघाली. फराळाच्या ताटाशेजारी वाचायच्या अंकाला हा विषय जड होणार नाही का? पण सणाच्या दिवसांतही माणसांच्या भीतीला सुट्टी नसते. दवाखान्यातल्या रिपोर्टची, नोकरी जाण्याची, कर्जाच्या हप्त्याची, परदेशी गेलेल्या मुलांची, आपल्यामागे घरच्यांचे काय होईल याची भीती पणत्या लावतानाही सोबत असते. तिच्याबद्दल ख्रिस्ती मंडळीत जे बोलले जाते, त्यातले काही तपासून पाहण्याची गरज आहे.

बायबलमध्ये ‘भिऊ नको’ ३६५ वेळा आले आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा, हे वाक्य अनेकांनी उपदेशात ऐकले असेल. ऐकायला गोड आहे, पण मोजू गेल्यास हा आकडा जुळत नाही. कोणते भाषांतर घेतले आणि कोणती वाक्ये धरली यावर मोजणी बदलते, आणि सरळ मोजली तर ती त्याच्या बरीच खाली राहते. आकडा चुकला म्हणून फार बिघडत नाही. बिघडते ते पुढच्या पायरीवर. देवाने इतक्या वेळा सांगूनही तू घाबरतोस, म्हणजे तुझा विश्वासच कमी, असा निष्कर्ष त्यातून निघतो. तो बहुधा अशा माणसाच्या पदरात पडतो, ज्याला रात्री दोन वाजता छातीत धडधडून जाग येते आणि आपण आता मरणार असे वाटते. आधीच भ्यालेल्या माणसाला आता आपल्या भीतीचीही भीती वाटू लागते, आणि पुढच्या रविवारी तो उपासनेला येत नाही.

असा निष्कर्ष काढणाऱ्याला गेथशेमाने बाग ओलांडता येणार नाही. अटकेच्या रात्री येशू तिथे अतिशय व्याकूळ झाला, असे मार्क लिहितो. जिवाला मरणप्राय यातना होत आहेत, हे त्याने सोबतच्या तिघांना बोलून दाखवले आणि जागे राहण्याची विनंती केली. हा प्याला टळावा म्हणून त्याने प्रार्थना केली, तीही एकदा नव्हे. घाबरणे हे पाप असते तर त्या रात्रीचे वर्णन शुभवर्तमानात टिकलेच नसते. स्तोत्रसंहितेचेही तसेच. तिच्यातल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. शत्रूने घेरले, हाडे खिळखिळी झाली, देवा, तू कुठे आहेस, असे उघड रडगाणे मंदिरात सामुदायिक उपासनेत गायले जाई.

भीतीची सर्वांत परिचित ख्रिस्ती कथा गालीलच्या वादळाची. गालीलचे सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २०० मीटर खाली आहे आणि भोवती डोंगर आहेत. वरून थंड वारे कोसळले की शांत पाणी बघता बघता खवळते. नावेतल्या शिष्यांपैकी निदान चौघे जातिवंत कोळी होते. ते घाबरले याचा अर्थ वादळ खरोखरच मोठे होते. पाचूबंदर किंवा उत्तनच्या कोळ्यांना हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. बोटींवर आशीर्वाद मागूनही हवामान खात्याचा इशारा ऐकणारी ही माणसे आहेत. शिष्यांनी झोपलेल्या येशूला उठवले आणि आम्ही बुडतोय याची तुला काहीच पडलेली नाही का, असे जवळजवळ भांडूनच विचारले.

ही कथा मत्तयही सांगतो आणि मार्कही, पण दोघांचा क्रम वेगळा आहे. मत्तयच्या कथेत येशू आधी शिष्यांना विचारतो, का घाबरलात? मग वारा शांत करतो. मार्कच्या कथेत तो आधी वारा शांत करतो आणि प्रश्न नंतर विचारतो. पाळकांनी आणि धर्मगुरूंनी मार्कचा क्रम धरावा, असे या संपादकीयाला वाटते. बुडणाऱ्याला आधी वर काढावे, विश्वासाची चर्चा काठावर आल्यावर करता येते.

वादळाची हीच कथा घेऊन २६ वर्षांचे जर्मन धर्मशास्त्रज्ञ दीत्रिख बोनहोफर १५ जानेवारी १९३३ रोजी बर्लिनमध्ये उपदेशाला उभे राहिले. जर्मनीत तेव्हा साठ लाखांच्या आसपास माणसे बेकार होती आणि पंधराच दिवसांनी हिटलर चॅन्सेलर होणार होता. भीती माणसाला आतून कुरतडते आणि एकटे पाडते, असा त्या उपदेशाचा आशय होता. पुढे १९३९ साली बोनहोफर न्यूयॉर्कला सुखरूप पोहोचले होते, तरी काही आठवड्यांतच हिटलरच्या जर्मनीत परतले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी. त्यांचे धैर्य सर्वांना माहीत आहे. त्यांनी तुरुंगात लिहिलेली एक कविता मात्र कमी वाचली जाते. पहारेकऱ्यांना आपण शांत आणि ताठ दिसतो, पण आत अस्वस्थ, थकलेले आणि भ्यालेले आहोत, मग यांतला खरा कोण, असा तिचा सूर आहे. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पावसाने भिजलेल्या, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात पोप फ्रान्सिस यांनीही हीच कथा मार्कमधून घेतली होती. कोरोनाच्या साथीत त्या वेळी सगळे जग एकाच नावेत बसले होते.

साथीच्या दिवसांत काय करावे यावर मात्र सर्वांत नेमके उत्तर पाचशे वर्षांपूर्वीचे आहे, आणि ते अशा माणसाचे आहे ज्याचे आयुष्यच एका भीतीने वळवले. २ जुलै १५०५ रोजी मार्टिन लूथर हा विद्यार्थी एर्फुर्टला परतत होता. स्टोटर्नहाइम गावाजवळ वीज इतकी जवळ कोसळली की घाबरून त्याने संत अ‍ॅनाचा धावा केला आणि संन्यासी होण्याचा नवस बोलला. दोन आठवड्यांत तो मठात दाखल झाला. बावीस वर्षांनंतर, ऑगस्ट १५२७ मध्ये, विटेनबर्गला प्लेग आला. राज्यकर्त्याने विद्यापीठ येनाला हलवले आणि लूथरलाही निघायला सांगितले. लूथर गेला नाही. याच उन्हाळ्यात तो स्वतः कोसळला होता, काळ्याकुट्ट निराशेतून जात होता आणि मित्रांना पत्रे लिहून प्रार्थना मागत होता. बायको काटारीना गरोदर होती. तरीही घराचा दवाखाना झाला.

ब्रेस्लाऊच्या पाळकांनी विचारले होते, प्लेग आला तर ख्रिस्ती माणसाने पळावे का? लूथरने उत्तरादाखल एक छोटी पुस्तिकाच लिहिली. जीव वाचवावासा वाटणे देवानेच मनात घातले आहे, त्यात पाप नाही, हा तिचा पाया. ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही आणि आजाऱ्यांची सोय लावलेली आहे, त्याने खुशाल जावे. पाळक, नगराध्यक्ष, न्यायाधीश, वैद्य, आजाऱ्याचा शेजारी यांनी मात्र जाऊ नये, कारण कोणीतरी त्यांच्या भरवशावर आहे. यानंतर लूथर दुसऱ्या टोकाच्या लोकांवर घसरतो. देव राखेल म्हणून औषध न घेणारे आणि बेफिकीर हिंडणारे हे त्याच्या मते देवाची परीक्षा पाहतात. औषध घ्या, घरात धुरी द्या, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊ नका, आपल्यामुळे दुसऱ्याला लागण होऊ देऊ नका, असे तो बजावतो. गावाबाहेर दफनभूमी करा, असेही सुचवतो. किती भ्यावे, यापेक्षा आपण कोणाला बांधलेले आहोत, हा प्रश्न त्याने पुढे ठेवला. भीतीशी वागण्याचा ख्रिस्ती मार्ग इतक्या स्वच्छपणे फार कमी लोकांनी सांगितला असेल.

अर्थात, चर्चने भीती फक्त घालवली असे म्हणणे खोटे होईल. तिने ती पिकवलीही. मरणोत्तर यातनांची चित्रे दाखवून क्षमापत्रे विकली गेली आणि १५१७ मध्ये त्यावरूनच लूथर पेटून उठला. इकडे गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालले. देवाच्या नावाने शेजाऱ्याला शेजाऱ्याची धास्ती बसवणाऱ्या त्या संस्थेची आठवण ख्रिस्ती अंकाने टाळू नये. आजही एखादा उपदेशक घाबरवून माणसे गोळा करत असेल तर तो त्याच वाटेवर आहे.

लूथरने सांगितले ते महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले, पंडिता रमाबाईंच्या रूपाने. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थाटन करणारे त्यांचे कुटुंब उपाशी पडले. रानात पाला आणि पाणी यांवर काढलेल्या दिवसांबद्दल त्यांनी स्वतः लिहिले आहे. वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. भाऊ आणि त्या पायी चालत राहिले. पुढे भाऊही गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुली आणि विधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा काढली. मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. इतके सोसल्यावर एखादी बाई निमूटपणे कोपऱ्यात बसली असती तरी कोणी नाव ठेवले नसते.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेल्या, निराधार मुलींचे काय होते हे रमाबाईंना पुस्तकातून कळायचे नव्हते. आपल्या उपासमारीच्या आठवणीने त्या तिकडे ओढल्या गेल्या आणि मुलींना घेऊन परतल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. सदनात माणसे वाढवायला अधिकाऱ्यांची मनाई झाली. मग केडगावच्या माळावर, आधी घेतलेल्या जमिनीवर, मुलींची व्यवस्था झाली. मुक्ती मिशन उभे राहिले ते असे. विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम, छपाई सुरू झाली. काही वर्षांत तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. घाबरलेल्या मुलीला आधी पोटभर जेवण, मग अंथरूण, मग हाताला काम आणि सोबतीला दुसरी मुलगी, असा क्रम तिथे दिसतो. मार्कच्या कथेतलाही क्रम हाच.

आणि १८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांशी होणाऱ्या वागणुकीवर जाहीर आरोप केले. त्यांच्या सदनातल्याच एका मुलीचे तिथे काय झाले, हे त्यात होते. सरकारने आरोप नाकारले आणि प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे, शहरातले पुढारी आधीच विरोधात, म्हणजे पाठीशी उभे राहील असे कोणी नव्हते. त्या पत्राच्या आदल्या रात्री रमाबाई घाबरल्या असतील की नाही, हे कोणी विचारत बसत नाही. एका मुलीसाठी ते लिहिणे भाग होते.

आज शहरातल्या चर्चमध्ये किंवा वसईच्या गावात भीतीने ग्रासलेल्या माणसासाठी काय आहे? प्रार्थना आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. ओळखीचे स्तोत्र सावकाश म्हणताना श्वास लांबतो, धडधड उतरते, आणि आपण एकटे नाही हे शरीरालाही पटू लागते. पण महिनोन्महिने झोप नाही, गर्दीत पाऊल टाकवत नाही, जीव नकोसा वाटतो, अशी अवस्था असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हा विश्वासाचा पराभव नाही. लूथरने औषधाबद्दल सांगितलेले इथेही लागू आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. प्रार्थनेच्या वेळांच्या पाटीखाली हा क्रमांक लिहायला कोणत्याही चर्चला एक खडू पुरेल.

स्त्री मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल यांच्याकडे आणखी एक काम आहे. साक्ष देण्याच्या वेळी आपल्याकडे बहुतेक जण विजयाची गोष्ट सांगतात. आजार बरा झाला, नोकरी लागली, संकट टळले. ज्याचे संकट अजून टळलेले नाही, त्याला उभे राहून तसे सांगता यावे, मधेच कोणी उपदेश करू नये आणि नंतर दोघातिघांनी त्याच्या घरी जावे. या अंकातल्या बऱ्याच लेखकांनी आपल्या लेखांत तेच केले आहे. कोणी शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्याबद्दल लिहिले, कोणी आखातात नोकरी गेल्यावरच्या महिन्यांबद्दल. काहींची गोष्ट अजून चालू आहे. संपादनात त्यांचे शेवट गोड करण्याचा मोह आवरला आहे, आणि ज्यांनी नाव न छापण्याची विनंती केली त्यांचे लेख निनावी दिले आहेत.